सर्वेक्षणाचा डेटा : पहिला फॉर्म भरण्याआधी या चुका टाळा

प्रश्नावलीतला रकाना साधा होता : ‘एकूण जमीन (एकर)’. एका फॉर्मवर तिथे १.२० लिहिलेलं. मुलाखत घेणाऱ्या मुलाच्या मनात होतं एक एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दीड एकर. फॉर्म एक्सेलमध्ये चढवणाऱ्या मुलीने तो दशांश धरला. पलीकडच्या गावात दुसऱ्या मुलाने शेतकऱ्याने दाखवलेला सातबारा पाहून तसाच १.२० उतरवला होता. पण सातबाऱ्यावर त्याचा अर्थ एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर.

एकच रकाना, एकच आकडा आणि तीन अर्थ. हे सर्वेक्षण जिचं होतं, ती पीएच.डी.ची विद्यार्थिनी माझ्याकडे आली तेव्हा तिचं विश्लेषण उरकलं होतं, प्रकरणही लिहून झालं होतं. अत्यल्पभूधारकांचं एकरी उत्पन्न इतरांपेक्षा फारच जास्त दिसत होतं आणि त्याची कारणमीमांसा तिने आठ पानं केली होती. जमीन कमी नोंदली गेली की एकरी उत्पन्न आपोआप फुगतं. तीन एकरांचा शेतकरी सव्वा एकराचा होऊन अत्यल्पभूधारकांच्या गटात जाऊन बसतो. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

गेली काही वर्षं मी संशोधक विद्यार्थ्यांना डेटा नीट लावायला मदत करते. डेटा बिघडतो तो विश्लेषणाच्या वेळी नाही. तो बिघडलेला असतो पहिल्या आठवड्यात, प्रश्नावली छापायला जाते तेव्हाच. म्हणून डेटा व्यवस्थापनाचा आराखडा, म्हणजे माहिती कोण, कशी नोंदवणार आणि कुठे जपणार याचं टिपण, तेव्हाच लिहायचं असतं. नंतर लिहिणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

‘डेटा सुरक्षित ठेवला जाईल’

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून प्रत्येक प्रस्तावासोबत असा आराखडा मागायला सुरुवात केली. तिथल्या आरोग्य संशोधन संस्थांचं, म्हणजे एनआयएचचं, व्यापक धोरण जानेवारी २०२३ पासून लागू झालं. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थ्यांची गाठ या प्रकाराशी परदेशी निधीचा अर्ज भरतानाच पडते. मग सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या रूपरेषेच्या, शेवटी एक परिच्छेद चिकटवला जातो : ‘संकलित डेटा सुरक्षित व गोपनीय ठेवला जाईल.’

कोण ठेवणार? कुठे? किती दिवस? गाईड निवृत्त झाले तर कोणाकडे? या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही. माझी कसोटी अगदी साधी आहे : आराखड्यातल्या प्रत्येक वाक्याला माणसाचं नाव, जागा किंवा तारीख जोडता आली पाहिजे. ‘दर शनिवारी संध्याकाळी अमुक मुलगी त्या आठवड्याचे फॉर्म तपासून विभागातल्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर प्रत काढेल’ हा आराखडा झाला. दोन पानं पुरतात, आणि गाईडने ती वाचून सही करावी.

रकान्याचा अर्थ लिहून न ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान मी इथे पाहिलंय. प्रत्येक रकान्यासाठी एका वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवायचं : रकान्याचं नाव, नेमका प्रश्न, एकक, कोणते आकडे चालतील आणि उत्तर मिळालंच नाही तर काय लिहायचं. याला कोडबुक म्हणतात.

शेवटची बाब सगळे विसरतात. उत्पन्नाच्या रकान्यात ० आहे, म्हणजे उत्पन्न नाही, की सांगायला नकार दिला, की प्रश्न विचारायचाच राहिला? वयाच्या रकान्यात ‘माहीत नाही’साठी ९९ वापरला, तर नव्व्याण्णव वर्षांच्या आजींचं काय करायचं? नकार, माहीत नाही आणि लागू नाही, या तिघांना वेगवेगळे संकेत द्या. ते त्या रकान्यात कधीच येऊ शकणार नाहीत असे हवेत, उदाहरणार्थ उणे आकडे. रिकामी चौकट कधीही ठेवू नका, कारण तिचा अर्थ सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

जमिनीसाठी दोन रकाने करा, एकर वेगळा आणि गुंठे वेगळे. कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके यांसारख्या मोफत साधनांत फॉर्म मोबाइलवर भरला जातो. तिथे गुंठ्यांच्या रकान्यात चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा स्वीकारायचाच नाही, अशी अट घालता येते. चूक शेतकऱ्यासमोर बसलेलं असतानाच कळते. नंतर फोन करून विचारावं लागत नाही.

आणि आकडे आधीच भरून झाले असतील तर? प्रगणकानुसार, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यानुसार, यादी लावा आणि दशांश चिन्हानंतरचे दोन अंक पाहा. एखाद्या प्रगणकाच्या सगळ्या नोंदींत ते कधीच ३९ च्या वर जात नसतील आणि .५० किंवा .७५ कुठेच सापडत नसेल, तर त्याने एकर-गुंठे लिहिलेत हे जवळपास नक्की. .५० आणि .७५ भरपूर असतील तर तो दशांशात लिहिणारा. हेक्टरवाला मात्र असा सापडत नाही, त्यासाठी कागदी फॉर्म आणि त्या मुलाची आठवण यांच्याकडेच जावं लागतं. यासाठी प्रत्येक ओळीत प्रगणकाचा क्रमांक असायलाच हवा. तो नसेल तर चूक कोणत्या गठ्ठ्यात आहे हेही शोधता येत नाही.

गावाचं नाव म्हणजे गावाची ओळख नव्हे

वडगाव, पिंपळगाव, खेड ही नावं महाराष्ट्रात किती ठिकाणी येतात ते आपल्याला ठाऊक आहे. त्यात एकजण ‘वडगाव’ लिहितो, दुसरा ‘वडगांव’, तिसरा ‘वडगाव बु.’ आणि चौथा ‘वडगाव बुद्रुक’. संगणकाच्या लेखी ही चार गावं. दोन तक्ते नावांवरून जोडायला जा, निम्म्या ओळी गळून पडतात. त्या गळाल्या हे सांगणारा इशाराही येत नाही.

जिल्ह्यांचं तर आणखी अवघड आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. २०११ च्या जनगणनेतल्या ठाणे जिल्ह्यात वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा यांच्यासह पुढे पालघरमध्ये गेलेले आठही तालुके आहेत. तो आकडा आजच्या ठाण्याशेजारी ठेवून साक्षरता ‘सुधारली’ असं लिहिणं चुकीचं आहे. मुळात प्रदेशच बदललाय. आधी तालुक्यांच्या पातळीवर उतरून दोन्ही वर्षांची बेरीज एकाच सीमेत करावी लागते. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांचं क्षेत्रकाम या बदलांच्या आधी सुरू होऊन नंतर संपलं, त्यांच्या फायलीत एकच जिल्हा दोन नावांनी नांदतो आहे.

उपाय एकच : नाव फक्त वाचण्यासाठी ठेवा, जोडणीसाठी संकेतांक वापरा. जनगणनेचा ग्रामसंकेतांक किंवा पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला क्रमांक पहिल्या दिवशीच प्रश्नावलीत छापून घ्या.

एक्सेलवर डोळे मिटून विश्वास

एक्सेल वाईट नाही, पण ते न विचारता बदल करतं. सेप्टिन आणि मार्च या नावांच्या जनुकांची लघुरूपं एक्सेल तारखा समजून बदलत राहिलं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच ती नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. जुन्या प्रकारच्या एक्सेल फायलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते, हे त्याचं कारण.

आपल्याकडची रोजची अडचण तारखेची. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०३/२०२४ हा ५ मार्च गुपचूप ३ मे होतो. २५/०३/२०२४ मात्र तसाच राहतो, कारण पंचविसावा महिना नसतो. ओळखायची खूण : रकाना रुंद करा. काही तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्या उलटल्या असण्याची दाट शक्यता आहे. डावीकडच्या एक्सेलला तारीख म्हणून कळलेल्याच नाहीत. त्या फायलीत दुरुस्ती करू नका, मूळ फॉर्मकडे परत जा. आणि नव्याने भरताना २०२४-०३-०५ असं वर्ष आधी लिहा, किंवा दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने करा.

दुसरी तक्रार : ‘कोबोवरून उतरवलेली सीएसव्ही उघडली, तर मराठी उत्तरांच्या जागी विचित्र चिन्हं!’ सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. फाइल डबल क्लिक करून उघडू नका. रिकामं एक्सेल उघडून डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि फाइल ओरिजिनमध्ये ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ घ्या. मराठी दिसू लागेल. जतन करतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत जतन केलं, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात आणि मग मजकूर परत येत नाही. म्हणूनच मूळ उतरवलेली फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. सगळी साफसफाई प्रतीवर करायची.

माझ्या पहिल्या प्रकल्पातल्या मुलाखती एका डीटीपी केंद्रात टाइप करून घेतल्या होत्या, युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये. काही वर्षांनी नव्या संगणकावर फाइल उघडली तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिखल. फॉन्टचं नाव मिळालं म्हणून परिवर्तकातून मजकूर सुटला. तरी ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार जागोजागी चुकीच्या अक्षरावर बसलेले होते. एकेक पान छापून, ध्वनिफीत ऐकत दुरुस्त केलं. तेव्हापासून टाइप करून देणाऱ्याला मी पहिलं वाक्य सांगते : युनिकोडमध्येच हवं.

ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे, हा समज

गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन साठ्याशी आपोआप जुळणारं (सिंक होणारं) फोल्डर हा आरसा आहे. लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते आणि कचरापेटीची मुदत संपली की गेलीच. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हा जुना नियम आजही पुरतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडूनही पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला, तो बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅममधल्याच चुकीमुळे.

विद्यापीठाच्या ईमेल खात्यावर सगळं ठेवणाऱ्यांनी नोंदणी संपल्यावर ते खातं कधी बंद होतं तेही आजच विचारून घ्यावं.

नाव खोडलं म्हणजे ओळख लपली असं मानणं

‘प्रतिसादक १७, स्त्री, ४२, सरपंच, अमुक गाव.’ नाव नाही, पण गावातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. लहान गावात जात, वय, शिक्षण आणि विहिरींची संख्या एकत्र आली की माणूस उघडा पडतो. नवऱ्याबद्दल, सावकाराबद्दल किंवा जातपंचायतीबद्दल बोललेल्या बाईला त्याची किंमत मोजावी लागू शकते. त्यामुळे नाव, फोन आणि संकेतांक यांची यादी वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फायलीत ठेवा, आणि ती प्रगणकांच्या व्हॉट्सअॅप गटावर कधीच टाकू नका. इतरांना देण्याच्या फायलीत वयाऐवजी वयोगट आणि गावाऐवजी तालुका ठेवा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती अटींसह. ठरवून दिलेली मानकं पाळावी लागतात आणि त्या डेटावरून संबंधित व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घ्यायचा नसतो.

संमतीपत्रही आधीच विचार करून लिहा. ‘ही माहिती फक्त माझ्या प्रबंधासाठी वापरली जाईल’ असं वचन दिलंत, तर पुढे ती झेनोडोसारख्या, इतर संशोधकांसाठी डेटा ठेवणाऱ्या ऑनलाइन भांडारात ठेवता येणार नाही. ‘ओळख काढून टाकून इतर संशोधकांना दिली जाऊ शकते’ ही ओळ घाला आणि मुलाखतीआधी वाचून दाखवा. काहीजण नाही म्हणतील. त्यासाठीही एक रकाना हवा.

त्या विद्यार्थिनीचे कागदी फॉर्म सुदैवाने घरच्या माळ्यावर पोत्यात होते. तिने प्रगणकानुसार गठ्ठे लावले, दोघांना बोलावून आठवेल तसं विचारलं, हेक्टरवाले फॉर्म वेगळे काढले आणि जमिनीचा रकाना पुन्हा भरला. जे ठरवता आलं नाही, त्यापुढे ‘एकक अनिश्चित’ असा संकेत देऊन ते विश्लेषणातून वगळले आणि किती वगळले ते प्रबंधात लिहिलं. अत्यल्पभूधारकांचं एकरी उत्पन्न तरीही थोडं जास्तच निघालं. आठ पानांच्या कारणमीमांसेतली दीड पानं उरली.