डेटा न जाळता लाईनचा खरा वेग मोजायचा कसा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांची नेटवर्कची कामं मी करतो. बहुतेक ठिकाणी फायबर असतं आणि ते पडलं तर म्हणून फोर-जीचं सिम, दिवसाला दीड जीबीवालं. नेट हळू झालं की मालक मला फोन करायच्या आधी लागोपाठ पाच-सहा स्पीड टेस्ट मारून मोकळे. ४० एमबीपीएसच्या लाईनवर दहा सेकंदांची टेस्ट म्हणजे नुसत्या डाउनलोडलाच ५० एमबी. तीच दर तासाला आपोआप लावून ठेवली तर दिवसाचे १.२ जीबी त्यातच गेले. मग ई-वे बिल कशावर काढायचं?

म्हणून माझं पहिलं सांगणं: टेस्ट मारूच नका. चालू कामच मोजा.

समजा, बायरला कॅटलॉगचे फोटो अपलोड होतायत. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन पोर्टमधून, म्हणजे बाहेरची लाईन जोडलेल्या पोर्टमधून, किती बाइट्स गेले तो आकडा असतो. तो लिहून घ्या, बरोबर एका मिनिटानं पुन्हा बघा. दहाच सेकंदांत आटपू नका, कारण काही राऊटर हा आकडा चार-पाच सेकंदांनी एकदाच बदलतात आणि हिशेब पार बिघडतो. मिनिटात ७२ एमबी वाढले असतील तर ७२ गुणिले ८ भागिले ६०, म्हणजे ९.६ एमबीपीएस. राऊटर बाइट्स मोजतो, एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि एका बाइटचे आठ बिट; म्हणून आठनं गुणायचं विसरू नका, निम्मी भांडणं तिथंच होतात.

पण ही लाईनची कमाल आहे की फोटो पाठवणारा कॉम्प्युटरच तेवढं ढकलतोय? त्यासाठी शेजारच्या खिडकीत पिंग (छोटा निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा, तेही केबलवरून. वायफायवर पिंग उगाच उड्या मारतो. लाईन मोकळी असताना ३० मिलिसेकंद येत होते आणि आता २०० झाले, तर लाईन तुंबली; ९.६ हीच तिची अपलोडची मर्यादा. पिंग ३० वरच राहिला तर लाईनमध्ये अजून जागा आहे, ती ‘किमान ९.६’ एवढंच म्हणायचं. आणि या पिंगचा खर्च? सेकंदाला एक धरला तर जाऊन-येऊन तासाला चारशे-सहाशे केबी.

लाईन रिकामी असेल आणि आत्ताच मोजायचं असेल, तर छोटी टेस्ट घ्या. जोडणी सुरू होताना पाठवणारा कॉम्प्युटर डेटाची थोडी पाकिटं (छोटे तुकडे) सोडतो, पोचली की दुप्पट, मग पुन्हा दुप्पट. ५० मिलिसेकंदांच्या लाईनवर ४० एमबीपीएस गाठायला साधारण पाव सेकंद लागतो. तो चढ हिशेबात धरला की आकडा कमी दिसतो, आणि तो झाकायलाच लोक टेस्ट लांबवतात. त्यापेक्षा पहिला सेकंद गाळा, पुढचे दोन मोजा. आयपर्फ-थ्री या वेग मोजायच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीचे सेकंद वगळायची सोय आहे. समोर स्वतःचा सर्व्हर मात्र हवा. ५० ऐवजी १५ एमबीत काम होतं.

याहून काटकसरीची पद्धत म्हणजे पाकिटांची माळ. १५०० बाइट्सची वीस पाकिटं एकाला एक चिकटून सोडायची आणि पलीकडे ती किती अंतरानं पोचतात ते बघायचं. १० एमबीपीएसच्या लाईनवर दोन पाकिटांत १.२ मिलिसेकंद पडतात, १०० वर ०.१२. सगळा खर्च ३० केबी. केबलवर ठीक चालते. वायफाय आणि फोर-जीवर पाकिटं झुंडीनं येतात, तिथं मी या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. शिवाय यातून लाईनची रुंदी कळते, त्या क्षणी किती जागा मोकळी आहे ते नाही.

कुठल्याही पद्धतीनं आकडा सारखा ९४ एमबीपीएसच्या आसपासच अडत असेल तर कंपनीला फोन करू नका. स्विचचा पोर्ट १०० चा आहे, नाहीतर केबलच्या आठांपैकी चारच तारा जोडल्यात.

सिमचं मोजमाप सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वेगवेगळं घ्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाजवळ घेतलेला आकडा तर गर्दीचाच धरा.