इनस्क्रिप्टवाल्यांनी दोन भागांचा कीबोर्ड घेण्याआधी

इनस्क्रिप्ट म्हणजे संगणकावर देवनागरी टाइप करायची प्रमाण कळरचना. दोन भागांचा कीबोर्ड म्हणजे डाव्या आणि उजव्या हाताचे तुकडे सुटे असलेला, हात-मनगट दुखणारे बहुधा घेतात तो. पहिली गोष्ट, वेळ. दिवाळी अंकाची किंवा निकालपत्रांची गडबड सुरू असताना कीबोर्ड बदलू नका. नव्यावर हात बसेपर्यंत काही आठवडे वेग पडतोच, आणि घाईत हात आणखी आखडतो.

दुसरी, नेमकं काय दुखतंय ते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, रात्री त्याने जाग येत असेल, तर आधी डॉक्टर, खरेदी मागाहून. मनगटातल्या मीडियन नसेवर दाब असू शकतो. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसता का, ते बघा.

मग फुकटात होणारं. कीबोर्डच्या मागचे दोन पाय मिटवा. ते उघडले की मनगट वरच्या बाजूला मुडपतं. आपली टेबलं बहुधा उंच असतात, म्हणून खुर्ची चढवा आणि पायाखाली पाट घ्या. लॅपटॉपवरच काम असेल तर तो उचलून ठेवा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. एवढ्याने भागलं तर पुढचं वाचू नका, पैसे वाचले.

नाही भागलं, तर आपण कुठली बोटं वापरतो ते एकदा मोजा. कीबोर्डची परीक्षणं इंग्रजी टायपिंग धरून लिहिलेली असतात. तिथे उजव्या करंगळीला फारसं काम नसतं. इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ज, ड आणि य, सगळे तिच्याच वाट्याला. साधा ‘च्या’ घ्या: च आणि य दोन्ही उजव्या करंगळीने, हलन्त आणि काना डाव्या मधल्या बोटाने. मराठीत ‘च्या’ किती वेळा येतो ते सांगायला नको. ‘आणि’मध्ये तर आ आणि ण दोन्हींना शिफ्ट लागतो, आणि ती अक्षरं डाव्या हाताकडे असल्याने शिफ्ट पुन्हा उजव्या करंगळीने दाबायचा. माझ्या मते आपल्यासाठी दोन भागांच्या कीबोर्डचा खरा फायदा हात लांब ठेवता येण्यात कमी आणि अंगठ्यापाशी मिळणाऱ्या जादा कळांमध्ये जास्त आहे. शिफ्ट तिथे आणा, जमलं तर य सुद्धा.

त्यासाठी कळा हव्या तशा नेमता येणारा कीबोर्डच घ्या. य असतो स्लॅशच्या (/) कळेवर. कीबोर्ड ‘य’ पाठवत नाही, फक्त त्या कळेचा कोड पाठवतो. अक्षर संगणक ठरवतो. म्हणून विंडोजमधलं इनस्क्रिप्ट तसंच राहू द्या आणि स्लॅशची कळ हलवा. उलट, फार छोटे कीबोर्ड टाळा. त्यात उजव्या टोकाच्या कळा कापलेल्या असतात. उघडत्या चौकोनी कंसाची ([) कळ गेली म्हणजे ड गेला, बॅकस्लॅश गेली म्हणजे ‘ऑ’ची मात्रा गेली, बरोबरच्या चिन्हाची (=) कळ गेली म्हणजे ऋकार गेला. मागवण्याआधी फोटोत या तीन कळा शोधा. व उजव्या तर्जनीने मारायची सवय असेल तर तीही आधीच मोडा, कारण ती कळ डाव्या तुकड्यात जाते. अशा कीबोर्डच्या कळांवर देवनागरी छापील सहसा मिळत नाही. स्टिकर घ्या किंवा पाठ करा.

कळा दाबायला हलक्या घ्या, ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागेल अशा. जड हाताने बडवणाऱ्याला त्या सुरुवातीला नकोशा वाटतील. दोन तुकडे खांद्याइतके लांब ठेवा आणि आतली बाजू उचलायची झाली तर थोडीथोडी.

माऊस शेवटी. नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घेतलात तर माऊस आपोआप जवळ येतो, बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं. उभा माऊस, म्हणजे तळहात पालथा न ठेवता कडेवर ठेवून धरायचा, हाताच्या मापाचा बघून घ्या. मनगटाची उशी टायपिंग करताना टेकायला नसते, थांबल्यावर टेकायला असते. बरेच जण उलटं वापरतात. आणि परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर बघून ठेवा, खोकं तोवर फेकू नका.