सामोअन वंशाच्या रग्बी लीग खेळाडूची कारकीर्द वाचावी कशी

सामोअन वंशाच्या जॉश पापालीच्या कारकिर्दीचा तक्ता उघडा. जन्म ऑकलंडचा. ओरिजिन, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांची लढत, खेळला क्वीन्सलंडकडून. देशाच्या रकान्यात आधी ऑस्ट्रेलिया, २०१७ च्या विश्वचषकाला सामोआ, मग पुन्हा ऑस्ट्रेलिया, २०२२ ला परत सामोआ. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाच्या मनात पहिली शंका येते ती फितुरीची.

मी पश्चिम सिडनीत राहते. मुलगा ज्युनिअर क्लबात लीग खेळतो आणि मी त्याच्या संघाची मॅनेजर आहे. म्हणजे जर्सी धुणं, यादी भरणं आणि टचलाइनवर सामोअन आज्यांच्या शेजारी उभं राहून त्यांची आरडाओरड ऐकणं. इथे नव्यानं आलेली मराठी मंडळी खेळ पटकन शिकतात: तेरा-तेरा जण, सहा टॅकल म्हणजे पकडी, आणि ट्रायला, म्हणजे बॉल गोललाइनपलीकडे टेकवला की, चार गुण. अडतात ती खेळाडूंपाशी. एनआरएल या इथल्या सर्वोच्च लीग स्पर्धेतले निम्म्याच्या आसपास खेळाडू पॅसिफिक किंवा माओरी वंशाचे आहेत, त्यामुळे ही गाठ सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुरुवात पदार्पणाच्या तारखेपासून करू नका. आधी शोधा, तेरावं वर्ष लागण्यापूर्वी मुलगा कुठे राहत होता. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड ही स्टेट ऑफ ओरिजिनची लढत १९८० पासून चालू आहे, १९८२ पासून दरवर्षी तीन सामने. तिथे जन्मगाव बाहेरचं असलं तरी तेरा वर्षांच्या आत ज्या राज्यात राहिलात ते राज्य तुमचं. पापालीचं कुटुंब ब्रिस्बेनजवळच्या लोगनला आलं तेव्हा तो लहान होता. झाला क्वीन्सलंडचा.

मग आजी-आजोबांकडे जा. सामोआ १९६२ पर्यंत न्यूझीलंडच्या कारभाराखाली होता. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना माणसं हवी होती, म्हणून सामोअन कुटुंबं ऑकलंडला गेली. पुढे त्यांच्यातलीच कितीतरी सिडनी आणि ब्रिस्बेनला सरकली. एकाच घरात आजी सामोआची राजधानी आपियाची, आई ऑकलंडची आणि नातू सिडनीतल्या माउंट ड्रुइटचा असतो. तक्त्यातले तीन देश येतात ते या घरातून. नियमही त्याला धरूनच आहे: स्वतःचा जन्म, आई-वडील, आजी-आजोबा किंवा पाच वर्षांचं वास्तव्य, यांपैकी काहीही चालतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड हे पहिल्या श्रेणीतले देश. त्यांतल्या एकाच देशाकडून खेळता येतं. पण त्याच्या जोडीला सामोआ किंवा टोंगासारखा दुसऱ्या श्रेणीतला देश ठेवता येतो. एका स्पर्धेत मात्र एकच जर्सी.

या नियमानं काय घडवलं ते बघायचं तर २०२२ चा ऑक्टोबर उघडा. महिन्याच्या दुसऱ्या तारखेला एनआरएलचा अंतिम सामना झाला, पेनरिथनं पॅरामॅटाला २८-१२ असं हरवलं. पेनरिथकडे जरोम लुआई, ब्रायन टोओ, स्टीफन क्रायटन. समोर पॅरामॅटाच्या पहिल्या फळीत ज्युनिअर पाउलो. दोन आठवड्यांत हे चौघंही इंग्लंडमध्ये, सामोआच्या एका संघात, आणि कर्णधार पाउलो. १५ तारखेला न्यूकॅसलला इंग्लंडनं त्यांना ६०-६ असं धुऊन काढलं. चार आठवड्यांनी उपांत्य फेरीत पुन्हा इंग्लंडच समोर, लंडनला. २६-२६ अशी बरोबरी, मग गोल्डन पॉइंट (जादा वेळेत पहिला गुण घेईल तो जिंकला), क्रायटनचा एका गुणाचा ड्रॉप गोल, २७-२६. अंतिम सामना ते ऑस्ट्रेलियाकडून ३०-१० हरले. जेमतेम दोन लाख वस्तीचा देश तिथवर पोचला, कारण त्याच वर्षी ओरिजिनमध्ये न्यू साउथ वेल्सची निळी जर्सी घातलेले हे चौघंही सामोआकडून उतरले. फितुरीची शंका माझ्या मनात या महिन्यानंतर उरली नाही. तुमच्या मनात उरली तर टचलाइनवर एखाद्या आजीला विचारून बघा, मात्र जरा लांब उभं राहून.

पदार्पणाआधीची शिडी बहुतेक जण वाचतच नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये ती अशी: हॅरल्ड मॅथ्यूज कप १७ वर्षांखालच्यांचा, एसजी बॉल कप १९, जर्सी फ्लेग २१, मग न्यू साउथ वेल्स कप, आणि त्याच्यावर एनआरएल. क्लबच्या मुख्य ताफ्यात जागा तीस. क्रायटन अठराव्या वर्षी वर आला, लुआई एकविसाव्या. इथे मी एक गोष्ट मुद्दाम बघते: मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी कोणत्या जागेवर खेळत होता? लवकर आडवा-उभा वाढलेला मुलगा दिसला की प्रशिक्षक त्याला प्रॉप करून टाकतात, म्हणजे बॉल घ्या आणि भिंतीला धडक द्या. बाकीची पोरंही पुढे तेवढीच वाढतात, आकाराचा फायदा संपतो, आणि पास करायला कुणी शिकवलेलंच नसतं. सामोअन मुलांच्या बाबतीत हे फार होतं असं माझं मत आहे, आणि मी ते संघाच्या बैठकीतही बोलते. म्हणूनच ६ नंबर घालून संघाची चाल ठरवणारा लुआई मला महत्त्वाचा वाटतो.

नंबरांवरून आठवलं. आकडे बघताना आधी जर्सीचा नंबर बघा, ट्राय नंतर मोजा. ८ आणि १० म्हणजे प्रॉप. वर्षभरात दोन-तीन ट्राय असले तरी तो उत्तम असू शकतो. त्याचे धावलेले मीटर बघा, त्यातही टॅकल झाल्यानंतर ओढून नेलेले. २ आणि ५ म्हणजे विंगर. जुन्या चालीचा विंगर कोपऱ्यात बॉलची वाट बघत उभा राहायचा. टोओ मात्र किक आल्यावर आपल्याच गोललाइनजवळून पहिली धाव घेतो आणि कित्येक सामन्यांत दोनशे मीटरच्या वर जातो. विंगरच्या रकान्यात हा आकडा दिसला की समजा, पुढच्या फळीतल्या जाडजूड मंडळींना तो श्वास घ्यायला वेळ मिळवून देतोय. नंबर बदलत गेला तर तोही वाचा. पापाली सेकंड रोमधून, म्हणजे दुसऱ्या फळीतून, प्रॉपकडे गेला, आणि तिथे त्याची पुढची इतकी वर्षं निघाली.

तक्त्यात मोकळ्या जागा दिसल्या की तीन कारणं तपासा. गुडघ्याची एसीएल फाटली तर जवळपास वर्ष जातं. डोक्याला मार लागला तर २०२३ पासून अकरा दिवसांची सक्तीची विश्रांती आहे, म्हणून एखाद-दुसऱ्या सामन्याच्या गैरहजेरीला 'वगळला' म्हणायची घाई नको. तिसरं कारण म्हणजे दुसरा खेळ. रॉजर तुइवासा-शेक आपियात जन्मला आणि ऑकलंडला वाढला. २०१३ ला त्यानं सिडनी रूस्टर्सबरोबर विजेतेपद मिळवलं, ऑकलंडच्या वॉरियर्सकडे गेला, २०१६ ला गुडघा गेला, २०१८ ला मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक घेतलं. त्यानंतर २०२२ आणि २०२३ हे मोसम लीगच्या तक्त्यात कोरे आहेत. ते रग्बी युनियनमध्ये, म्हणजे पंधरा जणांच्या वेगळ्या रग्बीत, सापडतात, न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स संघाच्या जर्सीसकट. २०२४ ला तो पुन्हा वॉरियर्सकडे आला. लीगचा आणि युनियनचा असे दोन तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

क्लब बदलला की लोक लगेच 'पैशासाठी गेला' म्हणतात. करार संपायच्या आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून खेळाडूला दुसऱ्या क्लबांशी बोलता येतं, म्हणून जाण्याची बातमी आणि प्रत्यक्ष जाणं यांत आख्खा मोसम असतो. वेस्ट्स टायगर्सशी करार जाहीर झाल्यावर लुआई २०२४ चा पूर्ण मोसम पेनरिथकडून खेळला आणि चौथं विजेतेपद घेऊन गेला. क्रायटननंही बुलडॉग्सला जाण्याआधी २०२३ चं विजेतेपद असंच घेतलं. दुसरं म्हणजे प्रत्येक क्लबला पगाराची कमाल मर्यादा आहे, २०२३ मध्ये ती १ कोटी २१ लाख डॉलर होती. जिंकणाऱ्या क्लबला सगळे गुणी खेळाडू ठेवणं परवडतच नाही.

आणि गेला पैशासाठी, तर गेला. सामोअन घरात पगार एकट्याचा नसतो. लग्न, मयत, चर्चचं बांधकाम, अशा फाअलावेलावेला सगळ्या गोतावळ्यानं वाटा उचलायचा असतो, आणि ज्याचं नाव पेपरात छापून येतं त्याच्याकडे सगळे जरा जास्तच आशेनं बघतात. तिशीच्या आसपास संपणाऱ्या धंद्यात त्यानं मोठा करार घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

तळाच्या ओळींत इंग्लंडचा क्लब दिसला की पान मिटू नका. फ्रँक प्रिचर्ड पेनरिथ आणि बुलडॉग्सकडून खेळून २०१६ ला हल एफसीकडे गेला. त्याच वर्षी हलनं वेम्बलीवर वॉरिंग्टनला १२-१० असं हरवून चॅलेंज कप घेतला. पुढच्या वर्षी तो पॅरामॅटाकडे परतला आणि, आधी न्यूझीलंडकडून खेळलेला असूनही, विश्वचषकाला सामोआचा कर्णधार म्हणून उतरला. यात विसंगत काय आहे, हे आता तुम्ही मला सांगा.