ऑफरोड गाडीला विंच घेताय? आधी या चुका टाळा

गाडी रुतलेली असते, चाकं जागच्या जागी फिरत असतात, चिखल आरशापर्यंत उडालेला असतो. त्या क्षणी मनात एकच येतं, पुढच्या वेळेआधी विंच, म्हणजे मोटरने दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र, बसवायचीच. बहुतेक विंच अशा चिडीत घेतल्या जातात. मग त्यातल्या कितीतरी बंपरवर नुसत्या गंजत बसतात, आणि ज्या दिवशी खरी गरज पडते त्या दिवशी चालत नाहीत. विंच वाईट वस्तू आहे असं मुळीच नाही. माझी गाडी तिने अशा ठिकाणांहून काढली आहे जिथून दुसरं काहीच काढू शकलं नसतं. पण ती कशासाठी हवी हे ठरवल्याशिवाय घेऊ नका.

का अडकलो हे न बघता विंच घेणं

आधी आठवून बघा, शेवटच्या चार-पाच वेळी गाडी कशामुळे अडकली? वाळूत बसली असेल तर बहुतेक वेळा टायरमधली हवा कमी केली नव्हती हेच कारण निघतं. रस्त्यावरच्या ३२-३५ पीएसआयवर वाळूत घातलेली गाडी बसतेच. तीच १५-१८ वर आणली तर टायर पसरतो आणि गाडी वरून निघून जाते. त्यासाठी प्रेशर गेज आणि छोटा कंप्रेसर लागतो, विंच नाही. शिवाय उघड्या वाळूत दोर बांधायला झाडच नसतं. स्टेपनी पुरून तिला दोर बांधता येतो, पण तो खड्डा खणायला लागणाऱ्या वेळात फावड्याने चाकं मोकळी करून गाडी निघालेली असते.

एक चाक हवेत लटकून फिरत राहिलं म्हणून अडकला असाल, तर तो डिफरेन्शियल लॉकचा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणाऱ्या कुलपाचा, प्रश्न आहे. ओल्या गवतावर घसरला असाल तर टायरचा. पोट दगडावर टेकलं असेल तर गाडीची उंची आणि खालचं संरक्षण बघा.

विंच खरी लागते ती खोल चिखलात, पकड न देणाऱ्या चढावर, ओढ्यातून वर येताना निसटणाऱ्या काठावर, वाटेत आडवा पडलेला ओंडका हलवायला, किंवा दरीकडे सरकत चाललेली गाडी धरून ठेवायला. हे शेवटचं काम दुसऱ्या कुठल्याच साधनाने इतकं सावकाश आणि ताब्यात राहून होत नाही.

आणि एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही एकटे जाता की दोन-तीन गाड्या मिळून? सोबत गाडी असेल तर ताणणारा कायनेटिक रोप, चाकाखाली घालायच्या दोन ट्रॅक्शन पाट्या, फावडं आणि कंप्रेसर एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात. एकट्याने जाणाऱ्याला मात्र मी विंच घ्यायलाच सांगेन.

डब्यावरचा आकडा खरा मानणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

नियम सगळ्यांना पाठ असतो: गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीची विंच. भरलेल्या म्हणजे माणसं, इंधन, सामान, छपरावरचा कॅरिअर, आणि खुद्द विंचसुद्धा धरून. गाडी भरून २६०० किलो होत असेल तर दीडपट म्हणजे ३९०० किलो, म्हणजे साधारण ८६०० पाउंड. त्याच्या वरचं सहज मिळणारं माप ९५०० पाउंडाचं, म्हणजे ४३०० किलोचं. हिशोब जमला असं वाटतं.

पण हे ४३०० किलो फक्त ड्रमवरच्या (दोर ज्यावर गुंडाळतो त्या नळकांड्यावरच्या) सगळ्यात आतल्या थरासाठी असतात. दोर जसजसा ड्रमवर गुंडाळत जातो तसा ड्रम जाड होतो आणि प्रत्येक थरामागे खेच साधारण १० ते १५ टक्क्यांनी उतरते. चौथ्या थरावर दोन तृतीयांशच्या आसपास उरते, म्हणजे ४३०० चे झाले २९०० किलो.

आता चिखलाची बाजू बघा. अवजड वाहनं बाहेर काढणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा आहे की गाडी हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत, रुतली तर तिच्या वजनाइतका विरोध धरायचा, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, आणि बॉडीच बुडाली तर तिप्पट. म्हणजे हबपर्यंत रुतलेल्या आपल्या गाडीचे झाले २६०० किलो. त्यात १५ अंशांचा चढ आला तर वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा, ६७० किलो, आणखी वाढला. एकूण ३२७०. आणि आपल्या हातात आहेत २९००.

हे मला कागदावर नाही, संध्याकाळच्या अंधारात कळलं. काळ्या चिकट मातीत गाडी हबपर्यंत बसलेली, समोर सहा मीटरवर मजबूत झाड. झाड जवळ आहे म्हणून मी खूश होतो. दोर बांधला, बटण दाबलं. विंचचा आवाज भरडा झाला, हेडलाइट पिवळे पडले, आणि सगळं थांबलं. दोर तारेसारखा ताठ, गाडी तसूभर हलली नाही. मला वाटलं विंचच कमी ताकदीची घेतली. खरं कारण हे होतं की झाड जवळ असल्यामुळे जवळजवळ सगळा दोर ड्रमवरच होता, आणि मी सगळ्यात वरच्या थरावरून ओढत होतो.

मग झाडाला पट्टा, पट्ट्याला कप्पी, आणि दोर कप्पीतून फिरवून परत माझ्याच गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे ओढण्यासाठी चॅसिसवर दिलेल्या मजबूत कडीला. दोर दुप्पट सुटला म्हणून ड्रमवरचा थर खाली आला, आणि दुहेरी दोरामुळे खेच जवळजवळ दुप्पट झाली. वेग निम्मा होतो, पण गाडी निघाली.

म्हणून आणखी मोठी विंच घ्यायचा विचार असेल तर आधी एक चांगली कप्पी घ्या. मात्र एक लक्षात ठेवा: दुहेरी दोरात झाडाकडचा पट्टा आणि शॅकल (पट्टा-कप्पी जोडणारी लोखंडी कडी) यांच्यावर दोराच्या दुप्पट भार येतो. त्यांची क्षमता त्या हिशोबाने बघा.

बॅटरीला गृहीत धरणं

१२ व्होल्टची ९५०० पाउंडी विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त करंट खाते. अल्टरनेटर १०० ते १५० अँपिअर देणारा असतो, आणि इंजिन आयडलवर असताना त्याहून कमीच. उरलेलं सगळं बॅटरीतून जातं. म्हणून विंच चालवताना इंजिन चालू हवं, शक्य तर आरपीएम थोडा वर धरलेला हवा. आणि ओढायचं ते थोडं थोडं: अर्धा-एक मिनिट खेचा, थांबा, मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतकी तापली असेल तर थंड होऊ द्या. थांबलेल्या वेळात बॅटरीही सावरते.

बॅटरी जुनी असेल तर विंच घेण्याआधी ती बदला. दोन बॅटऱ्या प्रत्येकाला लागतातच असं नाही. क्वचित आणि थोडा वेळ ओढणाऱ्याला एक धडधाकट बॅटरी पुरते. पण बॅटरी आणि विंचच्या मधे आयसोलेटर स्विच बसवाच. विंचचा सोलेनॉइड (मोटरला वीज देणारा स्विच) आतून चिकटला की बटण सोडलं तरी ड्रम फिरत राहतो. तेव्हा हात पोहोचेल अशा ठिकाणी वीज तोडायची सोय नसेल तर हूक फेअरलीडमध्ये (दोर जिथून बाहेर येतो त्या तोंडात) घुसून काहीतरी तुटेपर्यंत नुसतं बघत राहावं लागतं.

तारेचा की सिंथेटिक?

मी सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या, दोराच्या बाजूचा आहे. वजनाला हलका, हाताला टोचत नाही, आणि तुटला तर तारेच्या दोराइतक्या जोराने उसळत नाही. पण त्याचे लाड करावे लागतात. तो उन्हाने खराब होतो, दगडाच्या धारेवर कापला जातो, रेती आत शिरली की आतून झिजतो. उष्णताही सोसत नाही: त्याचा धागा १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि ताकद त्याच्या कितीतरी आधी कमी होऊ लागते. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या पोटात असतो, आणि भार सोडत दोर बाहेर काढला की तोच तापतो. म्हणून अशा विंचने गाडी उतारावर लांबवर सोडत नेऊ नका.

तारेचा दोर काढून सिंथेटिक टाकणारे अनेक जण जुना रोलर फेअरलीड तसाच ठेवतात. तारेने त्या रोलरवर ओरखडे पाडलेले असतात आणि तेच नव्या दोराला करवतीसारखे कापतात. गुळगुळीत ॲल्युमिनियमचा, रोलर नसलेला हॉस फेअरलीड लावा.

दगडधोंड्यांतच काम असेल, देखभालीला वेळ नसेल, तर तारेचा घ्या. चामड्याचे हातमोजे घालून, आणि हातातून सरकू न देता.

नवा दोर जसा आला तसाच वापरणं

कारखान्यातून आलेला दोर ड्रमवर सैल गुंडाळलेला असतो. पहिल्याच मोठ्या खेचीला वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांत घुसून अडकतो आणि मग दोर ना आत जात ना बाहेर येत. बसवल्या दिवशीच सपाट जागेवर दोर जवळजवळ पूर्ण सोडा, टोक कशाला तरी बांधा, गाडीचा ब्रेक हलका दाबून ती स्वतःला ओढत जाऊ द्या आणि वेढे शेजारी-शेजारी घट्ट बसवा. ड्रमवर तारेचे निदान ५ आणि सिंथेटिकचे ८ ते १० वेढे नेहमी उरले पाहिजेत. टोकाची छोटी पकड भार घेण्यासाठी नसते, भार हे वेढेच घेतात.

बंपरच्या पत्र्यावर विश्वास

विंचची प्लेट चॅसिसच्या दोन्ही दांड्यांना जोडलेली हवी, नुसत्या बंपरला नाही. विंच स्वतः ३५-४० किलोची, वर लोखंडी बंपर. पुढच्या स्प्रिंग त्या वजनाने बसतात. रेडिएटरची हवा अडते का, एअरबॅगच्या सेन्सरच्या जागेला धक्का लागतो का, बदललेला बंपर तुमच्याकडच्या वाहन नियमांत बसतो का, हे बसवण्याआधी विचारा.

जीवावर बेतणाऱ्या चुका

टो बॉलला, म्हणजे गाडीमागच्या लोखंडी गोळ्याला, दोर अडकवू नका. तो ट्रेलरसाठी असतो. तुटला की गोळीसारखा सुटतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. दोर झाडाभोवती फिरवून त्याचाच हूक त्याच दोराला अडकवू नका, झाडही सोलतं आणि दोरही चेपतो. रुंद पट्टा वापरा. ताणलेल्या दोरावरून कुणीही पाय टाकायचा नाही, दोन पावलांचं काम असलं तरी. दोराच्या मधोमध जाड घोंगडी किंवा डॅम्पर (दोर तुटला तर त्याची उसळी दाबणारं वजन) टाका, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट मागे पाठवा. हे सांगताना वाईटपणा येतो, लोक हसतातही. तरीही सांगा.

दोर सैल ठेवून गाडीने झटका द्यायचा नाही. झटक्यासाठी कायनेटिक रोप वेगळा असतो, विंचचा दोर ताणला जाण्यासाठी बनलेला नाही. दुसऱ्याची गाडी ओढताना तुमची ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'मध्ये ठेवू नका, गिअरबॉक्समधला तो छोटा खटका एवढ्या भारासाठी नसतो. न्यूट्रल, ब्रेक, आणि चाकांपुढे दगड.

ऐन वेळी चालत नसेल तर

बटण दाबल्यावर नुसता 'टक' आवाज येत असेल तर आधी बॅटरीची टोकं हाताने हलवून बघा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी तिथेच संपतात: सैल नट किंवा टर्मिनलवर साचलेली पांढरी पूड. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बॅटरीवर व्होल्टेज ठीक आणि विंचपाशी पडलेलं असेल तर दोष केबलमध्ये आहे. अर्थची केबल चॅसिसला नाही, थेट बॅटरीला जोडलेली हवी.

दोर एकाच दिशेने चालतो, दुसरीकडे नाही? बहुधा सोलेनॉइड किंवा रिमोट. मोटर फिरते पण ड्रम नाही? ड्रम मोटरला जोडणारा क्लचचा दांडा अर्धवट बसलाय. वीज बंद करा, ड्रम हाताने थोडा हलवा, दांडा खटकन बसेल. भार असताना तो कधीही फिरवू नका. दोर ड्रमच्या एका टोकाला ढीग घालत असेल तर तुम्ही तिरकं ओढताय. थांबा, भार उतरवा, दोर सोडून नीट गुंडाळा, आणि कप्पीने खेचीची दिशा सरळ करा.

पाण्यातून गाडी काढली असेल तर घरी आल्यावर विंच दोन्ही दिशांना थोडी चालवा, म्हणजे मोटर गरम होऊन आतला ओलावा निघतो. एरवीही महिन्यातून एकदा दोर जवळजवळ पूर्ण बाहेर काढा, बोटांनी चाचपत जा. सिंथेटिकला कुठे कडक, चकाकणारा पट्टा लागला तर तिथे तो वितळला आहे. तेवढा भाग कापून टोकाला नवा डोळा (हुकासाठीचा फास) विणून घ्या, तोवर ती गाडी घेऊन एकट्याने बाहेर पडू नका.