छिन्नमनस्कतेतून सावरणाऱ्या माणसाला काम कसे शिकवावे

औषधे सुरू होऊन काही महिने झाले, कानात येणारे आवाज थांबले, संशय ओसरला, तरीही दुकानात पाठवलेला मुलगा तीन वस्तूंपैकी एकच घेऊन परततो आणि घरातले म्हणतात, ‘आता बरा झाला आहे, नुसता आळस भरला आहे.’ हा आळस नव्हे. स्किझोफ्रेनियात, म्हणजेच छिन्नमनस्कतेत, लक्ष टिकवणे, ऐकलेले ध्यानात ठेवणे, कामांचा क्रम लावणे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखणे या शक्ती मंदावतात. औषधांनी भास आणि भ्रम आटोक्यात येतात, पण या शक्तींवर त्यांचा परिणाम फारच थोडा होतो, आणि माणूस चार लोकांत कसा वावरेल, कामावर टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. शिकण्याची कुवत मात्र संपलेली नसते. तोंडी सांगितलेले निसटते; हाताने पुन्हा पुन्हा केलेले त्या मानाने चांगले टिकते. म्हणून शिकवण्याची रीत बदलावी.

बेळगावच्या वडगाव भागात याच आजारातून सावरणाऱ्या माझ्या चुलतभावाला आम्ही कापड विणण्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला शिकवले, तेव्हा ही रीत मला नीट उमगली. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त रिकामी कांडी चातीवर, म्हणजे यंत्राच्या फिरणाऱ्या दांडीवर, बसवायची होती. सुताचे टोक गुंडाळणे, यंत्र सुरू करणे, भरलेली कांडी काढून टोपलीत ठेवणे हे सारे काका करीत. एक पायरी न विचारता हाताला जमू लागली की मगच पुढची जोडली. सूत तुटल्यावर गाठ मारण्याची पायरी सर्वांत शेवटी आली आणि तिलाच सर्वाधिक दिवस लागले. काका त्याच्या शेजारी उभे राहून, हात चुकीच्या जागी जाण्याआधीच तो धरून योग्य जागी नेत. ‘करून बघ, चुकलास तर सांगतो’ ही आपली नेहमीची पद्धत येथे टाळावी, कारण अशा आजारात चूक झाल्याचे स्मरण राहत नाही, पण चुकीची हालचाल हाताला लागून जाते. सराव रोज ठरलेल्या वेळी, थोडाच वेळ आणि जेथे काम करायचे त्याच जागी घ्यावा. घरी शिकलेले कारखान्यात आपोआप उतरेल असे गृहीत धरू नये.

आपल्या सीमाभागात एक अडचण अधिक असते. डॉक्टर कन्नडमध्ये बोलतात, चिठ्ठी इंग्रजीत असते, घरात मराठी चालते, आणि आधीच मंदावलेल्या स्मरणशक्तीवर भाषांतराचा भार पडतो. गोळ्यांच्या वेळा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून डब्याजवळ लावाव्यात आणि सूचना एका वेळी एकच द्यावी.

लोकांत मिसळणेही असेच पायरीने शिकवावे. दुकानदाराला काय विचारायचे ते घरी दोन-तीनदा म्हणून घ्यावे, पहिल्या खेपेला सोबत जावे, नंतर दाराशी थांबावे. उत्तराला वेळ लागला तर आपण मध्ये बोलू नये. हळदीकुंकू किंवा लग्नासारख्या गर्दीत आधी अर्धा तासच न्यावे. सतत टोचून बोलणाऱ्या घरात आजार उलटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे शेजाऱ्यांसमोर चूक काढणे कटाक्षाने टाळावे.

विस्मरण अचानक वाढले तर डॉक्टरांना सर्व गोळ्या दाखवाव्यात. हातापायांचा कडकपणा आणि कंप कमी करण्यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी स्मरणशक्तीला बाधक ठरू शकते. तिची गरज अजून आहे का, असे जरूर विचारावे, पण कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

पुनर्वसनाच्या सल्ल्यासाठी धारवाडची डिमहान्स ही शासकीय मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळची आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याखालील प्रमाणपत्रासाठी तपासणी होते तेव्हा स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम या चार बाबी पाहिल्या जातात. तेथे जाताना रुग्णाला काय जमते आणि कशासाठी मदत लागते, याची महिनाभराची टिपणे सोबत ठेवावीत.