पोर्सिलेन पेंटिंग मंडळाचा इतिहास लिहायचाय? आधी प्लेटा उलट्या करा

मंडळाला पन्नासएक वर्षं होत आली की कुणाला तरी अचानक आठवतं, अरे आपला इतिहास कुठे लिहिलेलाच नाही, आणि मग ते काम त्या दिवशी मीटिंगला जो नसेल त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात असंच पडलं. मग मीही सगळे करतात तेच केलं, मिनिट्सच्या जुन्या वह्या घेऊन बसले, आणि दोन आठवड्यांनी हाती काय लागलं तर अध्यक्ष कोण होतं, हॉलचं भाडं किती आणि शेवटी आभारप्रदर्शन. पेंटिंगबद्दल एक अक्षर नाही! म्हणून सांगते, वह्या नंतर, आधी सगळ्यांच्या कपाटातल्या प्लेटा, कप, फुलदाण्या एका टेबलावर मागवा आणि उलट्या करा.

उलटं केल्यावर सहसा दोन गोष्टी दिसतात, एक कारखान्याचा शिक्का आणि दुसरी रंगवणाऱ्याची सही. या दोन्ही वेगळ्या काळातल्या असू शकतात हे डोक्यात पक्कं बसवा, कारण आपल्यापैकी बहुतेक जण भांडी बनवत नाहीत, कोरी भांडी म्हणजे ब्लँक विकत आणतो आणि ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरावर, रंगवतो. ब्लँक वीस वर्षं कपाटात पडून मग रंगवलेला असणं अगदी कॉमन आहे. त्यामुळे शिक्क्यावरून फक्त एवढंच कळतं की पेंटिंग त्याच्या आधीचं नाही.

शिक्के वाचायचं थोडं शिकून घ्या, कठीण नाही. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, म्हणून ज्यावर नुसतं कारखान्याचं नाव आहे आणि देश नाही तो नग जुना असण्याची शक्यता जास्त (शक्यता म्हटलंय, खात्री नाही, लगेच भाव वाढवू नका). तिकडे गेलेल्या जपानी मालावर आधी ‘निप्पॉन’ असायचं, १९२१ पासून ‘जपान’ आलं, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ दिसलं तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा काळ. फ्रान्समधल्या लिमोझच्या हॅविलँडच्या भांड्यांची तर मजाच आहे, ग्लेझखालचा हिरवा शिक्का म्हणजे भांडं तिथे बनलं, आणि ग्लेझवरचा लाल शिक्का म्हणजे रंगकामही कारखान्यानेच केलं. नुसता हिरवाच असेल तर बहुतेक ते कोरं विकलं गेलं आणि बाहेर कुणीतरी रंगवलं, म्हणजे आपल्या कामाचं. आणि हो, दहापट भिंग ठेवा जवळ. छापील डिकल, म्हणजे चिकटवलेलं तयार चित्र, असेल तर बारीक ठिपके दिसतात, ब्रशचं काम असेल तर फटकारे आणि रंगाची जाडी कमीजास्त दिसते. आमच्या टेबलावर ‘आमच्या आद्य सभासदाने रंगवलेला’ म्हणून मोठ्या अभिमानाने आलेला एक नग असा ठिपक्यांचा निघाला, कुणी काही बोललं नाही, हळूच परत पिशवीत गेला.

आता भट्टी. माझ्या मते मंडळाचा खरा इतिहास भट्टीचाच असतो. पहिली भट्टी कोणाकडे होती, नग तिथपर्यंत कसे नेले जायचे, वाटेत किती फुटले, हे विचारलंत की लोक तासभर बोलतात, पण ‘मंडळाची स्थापना कधी झाली’ विचारलं की गप्प बसतात. फायरिंगची, म्हणजे नग भट्टीत कधी किती भाजले याची, वही मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्यात कोन नंबर असतील (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा छोटा शंकू, ठरावीक उष्णतेला तो वाकतो), पण ते वाचताना नवख्या माणसाचा गोंधळ होतो, कारण शून्याने सुरू होणारे आकडे उलटे चालतात, म्हणजे ०१८ पेक्षा ०१४ जास्त गरम. ०१८ म्हणजे साधारण ७१५ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि ग्लेझवरचे रंग ढोबळमानाने ७०० ते ८५० च्या दरम्यान पक्के होतात.

वही नसली तरी नग बोलतात. गुलाबी आणि मरून रंगांत बऱ्याचदा खरं सोनं असतं आणि हे रंग तापमानाला फार हळवे, कमी तापले तर तपकिरी पडतात, जास्त तापले तर जांभळट होतात. आम्ही प्लेटा तारखेप्रमाणे लावल्या तेव्हा सलग काही नगांवर गुलाब जांभळटच दिसायला लागले, आम्हाला वाटलं तेव्हा फॅशन असेल, मग एका काकू हसत म्हणाल्या अगं फॅशन कसली, भट्टी वेळेवर बंदच व्हायची नाही. हे कुठल्या मिनिट्समध्ये सापडणार होतं?

मुलाखती घेताना रेकॉर्डिंगची परवानगी आधी विचारा आणि हातात एखादा नग द्या, रिकाम्या हाताने माणसाला काही आठवत नाही. कोण कोणाकडे शिकलं हे प्रत्येकाला विचारून एका मोठ्या कागदावर वंशावळ काढा. मिडियम, म्हणजे रंगाची पूड कालवायचं तेल, कुठलं वापरायचे तेही विचारा, न वाळणारं मिनरल ऑइल की टर्पेंटाइनपासून केलेलं वाळणारं तेल, कारण शिकवणारी बदलली की मिडियम बदलतं आणि जुन्या विद्यार्थिनी ते मरेपर्यंत मान्य करत नाहीत.

नावांचं एक मोठं दुखणं आहे. जुन्या याद्यांत बायका नवऱ्याच्या नावाने असतात, मिसेस अमुक, आणि प्लेटवर सही मात्र स्वतःच्या आद्याक्षरांची, कधी माहेरच्या आडनावाची. दोन्ही जुळवायला वेळ जातो पण ते कराच, नाहीतर एकाच बाईच्या तीन बाया होतात. मी एक वेगळी वही केली, डावीकडे सहीचं चित्र, उजवीकडे मिळतील ती सगळी नावं.

मोठा इतिहास किती टाकायचा? माझं मत, दोन पानं बास. लोक जर्मनीतल्या माइसेनपासून सुरू करतात, १७१० चा कारखाना आणि राजाने कोंडून ठेवलेला किमयागार ब्योटगर, आणि आपल्या मंडळापर्यंत येईस्तोवर वाचणारा झोपतो. हौशी मंडळांची गोष्ट त्यापेक्षा जवळची आहे. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत या छंदाची लाट आली, १८७७ मध्ये सिनसिनाटीच्या मेरी लुईस मॅकलॉफ्लिनने हौशी लोकांसाठी हातपुस्तक काढलं, १८७९ मध्ये तिथेच बायकांचा पॉटरी क्लब सुरू झाला. मिलवॉकीच्या सुझन फ्रॅकल्टनने १८९२ मध्ये गावोगावच्या क्लबांना जोडणारी नॅशनल लीग ऑफ मिनरल पेंटर्स उभी केली, आणि १८९९ पासून अ‍ॅडलेड रॉबिनोचं ‘केरॅमिक स्टुडिओ’ मासिक घरोघरी नमुने पोचवायला लागलं. तुमच्या मंडळातल्या जुन्या नमुन्यांचं मूळ अशा मासिकांत सापडू शकतं, तेव्हा ‘आमचं स्वतःचं डिझाइन’ असं छापण्याआधी एकदा बघून घ्या.

फोटो काढताना ग्लेझ आरशासारखं चमकतं, त्यामुळे फ्लॅश बंद, खिडकीला पांढरा पातळ कपडा लावा आणि नग बाजूच्या उजेडात ठेवा. प्रत्येक नगाचे तीन फोटो तरी, पुढून, मागून आणि सहीचा जवळून. नंबर द्यायला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी वापरा. मी पहिल्या दिवशी शहाणपणा करून कपाच्या काठावर सेलोटेप लावली, काढताना कमी भाजलेलं सोनं टेपबरोबर निघून आलं आणि ज्यांचा कप होता त्या अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

भांडणं लिहायची का हा प्रश्न येतोच. मंडळ फुटलं असेल तर लिहा, कारण फुटल्यावरच दुसरं मंडळ झालं ना! पण दोन्ही बाजूंना विचारा, दोन्ही हकिकती शेजारी शेजारी छापा, आणि भट्टीच्या दुरुस्तीचे पैसे कोणी दिले असला मुद्दा असेल तर पावती पुस्तक काढा, तिथे पावती माणसांपेक्षा जास्त खरं बोलते.

सगळं झाल्यावर एकदम शंभर प्रती छापू नका. चारपाच प्रिंट काढा, मार्जिन मोठं ठेवा, आणि सगळ्यात जुन्या सभासदांना पेन्सिलीसकट द्या. माझ्याकडे पहिली प्रत परत आली तेव्हा बाराव्या पानावरच्या प्लेटखालचं नाव खोडलेलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, ‘ही माझी आहे, तिची नव्हे, तिला पानं कधी जमलीच नाहीत.’