वेबसाइटचं कंटेंट लिहायचंय? आधी वाचणाऱ्याचं काय अडलंय ते बघा

बऱ्याच वेबसाइट उघडल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे". स्वागत ठीक आहे हो, पण समोरचा पाहुणा म्हणून आलेला नसतो, त्याचं काहीतरी अडलेलं असतं म्हणून तो सर्च करत करत तिथे पोचलेला असतो, हवं ते मिळालं की जाणार आणि नाही मिळालं तर त्याच्याही आधी जाणार. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यावर काम करणाऱ्या जेकब निल्सन यांनी १९९७ मध्येच चाचण्या घेऊन सांगितलं होतं की ७९ टक्के लोक नवीन पान नुसतं चाळतात, शब्द न् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. आणि तेव्हा तर हातात स्मार्टफोनही नव्हते!

१. एका पानाला एकच प्रश्न

लिहायला बसायच्या आधी कागदावर एक ओळ लिहा, या पानावर कोण येणार, काय विचारत येणार आणि वाचून झाल्यावर त्याने काय करायचं. ही ओळ जमत नसेल तर समजा की त्या पानाची गरजच नाही, किंवा एका पानात तीन पानं कोंबलीत.

प्रश्न मनाने बनवू नका. फोनवर, ईमेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर लोक काय विचारतात ते जसंच्या तसं उतरवून घ्या. गुगलमध्ये विषय टाइप करायला लागलं की खाली जी सजेशन्स येतात ती बघा, साइट आधीपासून चालू असेल तर गुगल सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात लोक नेमकं काय टाइप करून तुमच्याकडे आले ते दिसतं. मग शब्दही त्यांचेच वापरा. लोक शोधतात "पैसे परत कधी मिळतील" आणि पानाचं नाव असतं "परतावा धोरण व कार्यपद्धती", कसं सापडणार?

२. उत्तर पहिल्या दोन ओळीत

बातमी लिहिणारे हेच करतात, काय झालं ते आधी, बाकी तपशील नंतर. वेबसाइटवर मात्र लोक निबंध लिहायला बसतात. समजा लॅपटॉप दुरुस्तीचं पान आहे:

"आजच्या गतिमान युगात लॅपटॉप हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक बनला आहे. ही गरज ओळखून आम्ही अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सुसज्ज असे सेवा केंद्र सुरू केले आहे."

ज्याचा लॅपटॉप बंद पडलाय त्याला तो अविभाज्य घटक आहे हे सांगायला नको, त्याला ते आत्ताच चांगलं कळलंय. तेच असं लिहून बघा:

"लॅपटॉप चालू होत नाही? आणून द्या, काय बिघडलंय ते त्याच दिवशी सांगतो. खर्च आधी सांगू, तुम्ही हो म्हणालात तरच काम सुरू करू. तुमच्या फाइल्स न विचारता उघडत नाही."

इथे प्रत्येक वाक्य एकेका धास्तीचं उत्तर आहे, किती दिवस जातील, किती पैसे लागतील, माझ्या फोटोंचं काय. अर्थात जे खरोखर करता तेच लिहा, त्याच दिवशी सांगणं जमणार नसेल तर किती दिवस लागतात ते सांगा, लोकांना दोन दिवस चालतात पण थापा चालत नाहीत.

३. चाळणाऱ्याला सापडेल असं मांडा

निल्सन यांच्याच टीमने २००६ मध्ये २३२ लोकांची नजर पानावर कशी फिरते ते मोजलं. वरच्या एकदोन ओळी आडव्या वाचल्या जातात आणि मग नजर डाव्या कडेने खाली घसरते. म्हणून उपशीर्षकाचे पहिले दोन शब्दच कामाचे हवेत, "सेवेविषयी महत्त्वाची माहिती" पेक्षा "वॉरंटी किती दिवसांची" बरं.

मराठीत अजून एक गोची आहे आणि ती इंग्रजीतल्या टिप्समध्ये सापडत नाही, आपलं क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" तर त्याच्याही शेवटी. हे वाचा: "ऑर्डर दिल्यानंतर पत्ता, फोन नंबर किंवा डिलिव्हरीची तारीख यामध्ये ग्राहकांच्या विनंतीवरून बदल करता येणार नाही." चाळणारा माणूस "विनंतीवरून बदल करता" इथपर्यंत येऊन पुढे सटकतो आणि मग भांडायला फोन करतो. त्यापेक्षा "ऑर्डर दिल्यावर बदल होत नाही, ना पत्ता, ना फोन नंबर, ना तारीख." नकार जितका महत्त्वाचा तितकं वाक्य छोटं ठेवा.

बाकी परिच्छेद तीनचार ओळींचे, पायऱ्या असतील तर नंबर घाला. आणि लिंकवर "इथे क्लिक करा" लिहू नका, दृष्टिहीन लोक स्क्रीन रीडरवर (पानावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लिंकमागून लिंक ऐकत जातात, त्यांना दहा वेळा "इथे क्लिक करा" ऐकू आलं तर काय कळणार, "अर्जाचा नमुना डाउनलोड करा" असं लिहा.

४. गुगलचं टेन्शन नंतर घ्या

तोच कीवर्ड, म्हणजे लोक सर्चमध्ये टाइप करतात तो शब्द, प्रत्येक वाक्यात ठोसून भरणं बंद करा, त्याला गुगल स्पॅम म्हणतं. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली कीवर्डची यादी) सर्चमध्ये कोण वर येणार ते ठरवताना धरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी अजून काही जण त्याच्यासाठी पैसे घेतात! ऑगस्ट २०२२ मध्ये तर खास अपडेट आणलं, वाचणाऱ्यांसाठी लिहिलेलं वर आणायचं आणि फक्त सर्चसाठी लिहिलेलं मागे टाकायचं म्हणून. तुम्ही करायचं एवढंच, प्रत्येक पानाला वेगळं आणि स्पष्ट टायटल द्या, आत काय आहे ते सांगणारं. एआयकडून मसुदा घेत असाल तर घ्या, पण तुमच्या कामातलं जे फक्त तुम्हालाच माहितीय ते त्याच्याकडे नसतं, ते स्वतःच घालावं लागतं.

५. दुसऱ्याच्या हातात देऊन बघा

एकदा मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. मग विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसाच्या मोबाइलवर पान उघडा, "यात पैसे परत मिळायला किती दिवस लागतात ते शोध" असं काम द्या आणि गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड जातं, कारण "अगं खाली बघ ना" असं तोंडातून येतंच, पण तुमचा खरा वाचक वाचत असताना तुम्ही शेजारी नसणार. तो जिथे अडला तिथे खूण करा आणि तेवढंच दुरुस्त करा, सगळं पान परत लिहीत बसू नका.

६. पान टाकून विसरू नका

मागच्या वर्षीच्या तारखा, बंद पडलेले नंबर, "लवकरच येत आहे" वाली पानं काढून टाका, कुठे आत्ता बदल केला असेल तर तारीख लिहा. आणि फोनवर येणाऱ्या प्रश्नांची यादी चालूच ठेवा, उत्तर पानावर असूनही तोच प्रश्न परत परत येत असेल तर उत्तर चुकीच्या जागी आहे, ते उचलून वर घ्या.